यंत्र हसत नाही



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी दिवसा मुलांना शिकवलं आणि रात्री त्याच मुलांच्या आईबापांना. म्हणून 'प्रौढांचं इंग्रजी आणि ऑनलाइन साधनं' हा विषय संयोजकांनी सुचवला, तेव्हा मला नाही म्हणणं शक्यच नव्हतं. एक गोष्ट मात्र आधीच सांगून टाकते. जे वही-पेन काढून ॲपची नावं लिहून घ्यायला बसले आहेत, त्यांची थोडी निराशा होईल. नावं येतील, पण ओघात येतील. ॲपची यादी वर्षभरात शिळी होते, आणि ताजी यादी तुमच्या घरातलं कुठलंही शाळकरी पोर देईल. मला बोलायचंय ते त्या ॲपसमोर बसणाऱ्या माणसाबद्दल. पंचेचाळिशीतल्या, दिवसभर राबून आलेल्या, बारीक अक्षरं वाचायला चष्मा शोधणाऱ्या माणसाबद्दल.

कोण असतो हा माणूस? महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधी मराठी शाळांत ते पाचवीला सुरू व्हायचं. म्हणजे आज चाळिशीत असलेल्या, मराठी माध्यमातून शिकलेल्या माणसाची इंग्रजीशी गाठ पडली ती दहाव्या-अकराव्या वर्षी. बऱ्याच ठिकाणी ती घालून दिली ज्यांचा मूळ विषय इंग्रजी नव्हताच अशा सरांनी. आणि दहावीच्या निकालाबरोबर ती सुटली. पुढं कुणी दुकान टाकलं, कुणी रिक्षा घेतली, कुणी नर्सिंग केलं, कुणी पोलिसात लागलं. पंधरा-वीस वर्षं इंग्रजीवाचून काही अडलं नाही. मग एक दिवस अडलं. मुलीच्या शाळेतली पालकसभा सगळी इंग्रजीत झाली. बढतीच्या मुलाखतीत साहेबांनी मध्येच भाषा बदलली. मुलगा नोकरीला परदेशी गेला आणि सून तिकडचीच निघाली. मग हा माणूस माझ्या वर्गात येतो आणि दारातच सांगतो, "मॅडम, समजतं सगळं, पण बोलता येत नाही."

किती जणांकडून हे वाक्य ऐकलंय! खरं आहे का ते? अर्धं खरं आहे. सगळं काही समजत नसतं, निम्मं अंदाजानं भरून काढलेलं असतं. आणि बोलता येत नाही ते शब्द कमी पडतात म्हणून नाही. शब्द असतात. पाचवी ते दहावी सहा वर्षं आणि त्यावर वीस वर्षं दुकानांच्या पाट्या, औषधांची वेष्टनं, मोबाइलचे मेनू वाचून शे-पाचशे शब्द कुणाकडेही साठलेले असतात. बाहेर येत नाहीत ते लाजेमुळे.

म्हणून माझा पहिला मुद्दा लाजेचा.

लहान मूल चुकतं तेव्हा आपण कौतुक करतो. मोठा माणूस चुकला की आपण हसतो, आणि आपल्याकडे इंग्रजीच्या चुकीला जेवढं हसतात तेवढं दुसऱ्या कशाला हसत नाहीत. कुणी मराठीत अशुद्ध लिहिलं तर चालतं, मंत्र्यांनी लिहिलं तरी चालतं. पण इंग्रजीचं एक क्रियापद चुकलं की त्या माणसाची जात, गाव, शाळा, ऐपत, सगळं त्या क्रियापदावरून ठरवलं जातं. ज्याच्या दुकानात चार माणसं हाताखाली आहेत, ज्याच्या शब्दाला गल्लीत वजन आहे, असा माणूस इंग्रजी वाक्य उच्चारायला तोंड उघडतो तेव्हा एका क्षणात पाचवीच्या बाकावर जाऊन बसतो. कोण जाईल स्वखुशीनं?

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. रात्रीची का, तर दिवसा काम असतं म्हणून. कारण उघड आहे. पण मला कधी कधी वाटतं, अंधारात कुणी बघत नाही हीसुद्धा सोय असेल. याला पुरावा मागू नका, शिक्षकाचा तर्क आहे.

पुरावा हवा असेल तर शेजारच्या देशातला देते. बांगलादेशात २००९ च्या नोव्हेंबरात 'बीबीसी जानाला' नावाचा उपक्रम सुरू झाला. जानाला म्हणजे खिडकी. ब्रिटिश सरकारच्या मदतीनं चाललेल्या एका मोठ्या इंग्रजी शिक्षण योजनेचा तो भाग होता. त्यात करायचं काय? साध्या मोबाइलवरून ३००० हा नंबर फिरवायचा आणि तीन मिनिटांचा इंग्रजीचा धडा ऐकायचा. इंटरनेट लागत नव्हतं, स्मार्टफोन लागत नव्हता. मोबाइल कंपन्यांनी त्या कॉलचा दर कमी केला होता. 'प्रथम आलो' या तिथल्या मोठ्या वृत्तपत्रात त्याच धर्तीचे धडे छापून यायचे. अगदी थोड्या काळात लाखो कॉल आले. आता विचार करा, ढाक्यात काय इंग्रजीचे क्लास नव्हते? गल्लोगल्ली होते. पण क्लासमध्ये नाव सांगावं लागतं, फी भरावी लागते, आणि चारचौघांत तोंड उघडावं लागतं. फोन कानाला लावलेला माणूस बसमध्ये उभा राहून काय ऐकतोय ते कुणालाच कळत नाही. तो बायकोशी बोलत असेल, नाहीतर इंग्रजीचा भूतकाळ शिकत असेल!

ऑनलाइन साधनांनी प्रौढ माणसाला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे, असं मी मानते. ज्ञान आधीही होतं, पुस्तकं होती. नव्यानं मिळाला तो एकांत. यंत्र हसत नाही. तेच वाक्य बाराव्यांदा ऐकवायला सांगा, बाराव्यांदा ऐकवतं. "अजून कळलं नाही का?" असं विचारत नाही. माझ्यासारख्या शिक्षिकेला हे जमत नाही, हे मोकळेपणानं मान्य करायला हवं. पाचव्या वेळेला माझ्या आवाजात काहीतरी बदलतं, आणि समोरच्या प्रौढाला ते आधी कळतं, मला नंतर.

हा एकांत लक्षात ठेवा. थोड्या वेळानं मी त्याच्याबद्दल वाईटही बोलणार आहे.

दुसरा मुद्दा कानाचा, आणि इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण मराठी माणसाच्या बाबतीत खरी गंमत इथं आहे.

आपण दीडशे वर्षं इंग्रजी शिकलो ते डोळ्यांनी. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला या सभागृहातल्या ज्येष्ठांपैकी अनेकांनी पाहिली असेल, काहींनी पाठ केली असेल. मराठी वाक्याचं इंग्रजी करा, इंग्रजीचं मराठी करा. उत्तम पुस्तक! त्या पाठमालेनं घडवलेली माणसं इंग्रजीत निर्दोष अर्ज लिहायची आणि कोर्टात सफाईदार मसुदे करायची. पण पुस्तकाला आवाज नसतो. मग इंग्रजीचा उच्चार आपण देवनागरीत लिहून घेतला आणि तो मराठी पद्धतीनं वाचला. रेल्वे स्टेशनवर मिळणाऱ्या 'तीस दिवसांत इंग्रजी बोला' छापाच्या पुस्तकांत आजही हेच चालतं.

यात बिघडलं काय? मराठीत आपण साधारण प्रत्येक अक्षराला सारखा मान देतो. इंग्रजी तसं करत नाही. तिथं शब्दातल्या एका अवयवावर जोर पडतो आणि बाकीचे अवयव दबून जातात. 'फोटोग्राफ' म्हणताना जोर 'फो'वर असतो. 'फोटोग्राफर' म्हटलं की तो 'टॉ'वर सरकतो आणि पहिला 'फो' जवळजवळ 'फ' होऊन जातो. 'फोटोग्राफिक' म्हटलं की जोर आणखी पुढं, 'ग्रॅ'वर. शब्द एकाच घरातले, पण जोर प्रत्येकाचा वेगळा. हे कागदावर कसं दाखवणार? आणि सगळ्यात अवघड कुठले शब्द, तर जे आपण मराठीत रोज वापरतो ते. हॉटेल, कमिटी, डेव्हलपमेंट. हे आपल्याला येतात असं आपण धरून चालतो. इंग्रजीत या तिन्हींचा जोर दुसऱ्या अवयवावर आहे, आणि आपण तो बहुधा पहिल्यावर देतो नाहीतर कुठंच देत नाही. मग विमानतळावर माणूस तीनदा 'हॉटेल' म्हणतो, समोरच्याला कळत नाही, आणि आपल्या माणसाला वाटतं की आपल्याला शब्दच येत नाही. शब्द येत असतो, ऐकलेला नसतो.

इथं ऑनलाइन साधनं खरोखर कामाला येतात, आणि त्यातली उत्तम साधनं फुकट आहेत. ए. एस. हॉर्नबी नावाच्या इंग्रज शिक्षकानं जपानमध्ये शिकवताना परक्या विद्यार्थ्यांसाठी एक कोश केला. ऑक्सफर्डनं तो १९४८ मध्ये आणला. त्या परंपरेतला ऑक्सफर्डचा लर्नर्स कोश आज फोनवर उघडतो. शब्दापुढं कर्ण्याची दोन चिन्हं असतात, एक ब्रिटिश उच्चाराचं, एक अमेरिकन. बोट लावलं की शब्द ऐकू येतो. केंब्रिजच्या कोशातही तेच. 'यूग्लिश' नावाचं एक संकेतस्थळ आहे. त्यात शब्द टाकला की खऱ्या माणसांनी खऱ्या बोलण्यात तो शब्द उच्चारला आहे असे व्हिडिओचे तुकडे ते एकामागून एक ऐकवतं. 'कमिटी' टाका. प्राध्यापक म्हणतो, खासदार म्हणतो, स्वयंपाक शिकवणारी बाई म्हणते. दहा तोंडून ऐकल्यावर अकराव्यांदा आपलं तोंड आपोआप तिकडं वळतं. यूट्यूबवर वेग पाऊणपट करता येतो, ही साधी सोय माझ्या वर्गातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नसते. 'हे लोक फार भरभर बोलतात' ही तक्रार त्या एका बटणानं निम्मी होते.

आणि आपला उच्चार कळतोय की नाही हे कुणाला विचारायचं? फोनलाच. कीबोर्डवर माइकचं चिन्ह असतं. भाषा इंग्रजी ठेवा, वाक्य बोला, आणि पडद्यावर काय उमटतं ते बघा. तुम्ही 'वर्क' म्हणालात आणि 'वॉक' उमटलं, तर काहीतरी चुकलंय. कुणी हसलं नाही, कुणाला कळलंही नाही. एक सावधगिरी मात्र सांगते: हे यंत्र मागच्यापुढच्या शब्दांवरून अंदाज बांधतं. म्हणून अख्ख्या वाक्यापेक्षा सुटे शब्द आणि जोड्या तपासून बघाव्यात. वाक्य बरोबर उमटलं म्हणजे उच्चार बरोबर होता असं नाही. कधी कधी यंत्रच सांभाळून घेतं.

इथं एक विषयांतर करते, माफ करा. २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाइल परत करण्याचं आंदोलन केलं. फोन निकृष्ट होते, शिवाय पोषण ट्रॅकर हे ॲप इंग्रजीत होतं, या त्यांच्या तक्रारी होत्या. तेव्हा मला कुणीतरी सुचवलं, "मॅडम, तुम्ही यांच्यासाठी इंग्रजीचा वर्ग घ्या ना." मी नाही म्हटलं. कुपोषित बाळाचं वजन नोंदवायला बाईला इंग्रजी यावं लागत होतं, हा दोष बाईचा नव्हता, ॲपचा होता. जिथं सरकारनं मराठीत बोलायचं तिथं नागरिकाला इंग्रजी शिकवायला पाठवू नये. मी इंग्रजी शिकवते म्हणून हे मुद्दाम सांगते. ज्याला शिकायचंय त्याला शिकवू, पण कुणावर ते लादायचं कारण नाही.

आता तिसरा मुद्दा. मग शिक्षकानं करायचं काय? सगळं फोनवर आहे, तर शिक्षक कशाला?

शिक्षक लागतो तो निवडायला. पूर्वी अडचण होती की साहित्य मिळत नव्हतं. आज अडचण आहे की ते संपत नाही. 'लर्न इंग्लिश' एवढं टाइप करून बघा, आयुष्य पुरणार नाही. आणि त्यातलं बरंचसं कुणासाठी केलेलं असतं? मुलांसाठी तरी, नाहीतर परीक्षार्थींसाठी तरी. 'सफरचंद लाल आहे' हे वाक्य पन्नाशीच्या बाईला म्हणायला लावणं हा तिचा अपमान आहे, मग ॲप कितीही रंगीत असो. तिला हवंय 'मिक्सर दुरुस्तीला टाकला होता, अजून परत आला नाही'. तिला हवंय 'डॉक्टर, ही गोळी घेतली की चक्कर येते'.

किती शब्द पुरतात? हा प्रश्न आपल्या उपखंडातूनच मोठा झाला. मायकल वेस्ट नावाचे शिक्षणाधिकारी ढाक्यात काम करत होते. बंगाली मुलांना वाचता येईल असं इंग्रजी साहित्य नाही म्हणून त्यांनी १९२० च्या दशकात मोजक्या शब्दांत लिहिलेली वाचनमाला काढली. पुढं १९५३ मध्ये त्यांची सुमारे दोन हजार शब्दांची यादी प्रसिद्ध झाली आणि जगभर वापरली गेली. 'व्हॉइस ऑफ अमेरिका'नं १९५९ मध्ये 'स्पेशल इंग्लिश' सुरू केलं. साधारण दीड हजार शब्द, छोटी वाक्यं, बोलण्याचा वेग मुद्दाम कमी. बातम्या मात्र मोठ्या माणसांच्या: शेती, आरोग्य, विज्ञान, इतिहास. प्रौढांसाठी साहित्य कसं असावं? भाषा सोपी, विषय मोठ्यांचा. इतक्या वर्षांत याहून चांगलं सूत्र मला सापडलेलं नाही.

या साहित्याची आणखी एक बाब शिक्षकांनी जाणून घ्यावी. 'व्हॉइस ऑफ अमेरिका'नं स्वतः तयार केलेले धडे हे सरकारी पैशांतून झालेले, त्यांच्यावर कॉपीराइट नाही. छापा, वाटा, वर्गात लावा. पण मार्च २०२५ मध्ये अमेरिकी सरकारच्या आदेशानंतर त्या संस्थेचं काम जवळपास ठप्प झालं. दुसऱ्याच्या अंगणातल्या विहिरीवर पाणी भरणाऱ्यानं घरी चार घागरी भरून ठेवाव्यात, एवढंच मी यावरून शिकले. जे आवडतं, जे उपयोगी पडतं, ते उतरवून घ्या. पेनड्राइव्हवर ठेवा, छापून ठेवा.

निवड झाली की पुढचं काम ऐकण्याचं. आणि यासाठी मला सापडलेलं सगळ्यात गुणी साधन कुठलं? तुम्ही हसाल. व्हॉट्सॲप. तुम्ही सकाळी ज्यावर फुलांचे फोटो पाठवता तेच.

कसं करते ते सांगते, कारण इथं शिक्षक बरेच दिसताहेत. सोमवारी ग्रुपवर एक मिनिटाचा आवाज टाकायचा. कधी बातमी, कधी दुकानातला संवाद. खाली दोन प्रश्न. प्रत्येकानं उत्तर आवाजातच द्यायचं, पण ग्रुपवर नाही, फक्त मला. हे 'फक्त मला' फार महत्त्वाचं आहे. माणूस ते उत्तर रेकॉर्ड करतो, ऐकतो, पुसतो, पुन्हा करतो. त्याला वाटतं मॅडमना एकच पाठवलं. मला ठाऊक असतं की त्या एकामागं सात-आठ पुसलेली आहेत, आणि खरा सराव त्या पुसलेल्यांत झालेला आहे! मी उत्तर देते तेही आवाजात. एकच दुरुस्ती. पाच चुका असल्या तरी एकच. महिन्याभरानं दोघादोघांची जोडी लावायची, त्यांनी एकमेकांना पाठवायचं. मग चौघांत. ग्रुपवर सगळ्यांसमोर बोलणं येतं ते अगदी शेवटी, आणि तोवर एखादा अधीर होऊन स्वतःच ग्रुपवर बोलून मोकळा होतो. एकांतातून दोघांत, दोघांतून चौघांत, चौघांतून चारचौघांत. माझी पद्धत म्हणाल तर एवढीच.

इथं मी परत एकांताकडे येते, कारण आता त्याची दुसरी बाजू.

एकांतात शिकणारा माणूस एकांतातच राहिला तर? माझ्याकडे अशी माणसं येतात ज्यांनी ॲपवर वर्ष-वर्ष न चुकता हजेरी लावलेली असते. पडद्यावर ज्योत पेटलेली, खाली दिवसांचा आकडा. विचारलं, "काल काय केलंत?" तर घाईघाईनं इंग्रजीत सांगतात ते ॲपमधलंच एखादं वाक्य. काल काय केलं ते सांगत नाहीत. ही ज्योत असते ड्युओलिंगो या ॲपवर. त्या ॲपची कल्पना वाईट नाही. ग्वाटेमालात वाढलेल्या लुईस फॉन आन यांनी सहकाऱ्यासोबत ते उभं केलं आणि २०१२ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. गरीब देशात इंग्रजीसाठी केवढा पैसा मोजावा लागतो हे त्यांनी पाहिलेलं होतं. पण सुरुवातीचा त्यांचा एक बेत असा होता की शिकणाऱ्यांनी सराव म्हणून जी भाषांतरं करायची, ती विकून कंपनीचा खर्च निघावा. २०१३ मध्ये सीएनएन आणि बझफीड यांच्याशी तसे करारही झाले. पुढं तो बेत मागं पडला. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. फुकट मिळणाऱ्या गोष्टीच्या मागं कुणाचा तरी हिशेब असतो, एवढं प्रौढ विद्यार्थ्याला माहीत असावं. आणि तो ते चटकन समजतो, कारण तो स्वतः धंदा करतो.

ज्योतीचा हिशेब वेगळा आहे. ती तुम्ही उद्या परत यावं म्हणून पेटलेली असते. तुम्ही बाहेर जाऊन कुणाशी बोलावं यात तिला रस नाही.

भाषांतराच्या यंत्राचंही तेच. गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठी आली २०१३ मध्ये, आणि २०१७ नंतर तिचा दर्जा खूप सुधारला. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं, आणि आता तर मराठीत 'साहेबांना रजेचा अर्ज' एवढं म्हटलं की इंग्रजीत असा अर्ज तयार होतो की साहेबांनीच रजेवर जावं. एक परिचारिका माझ्याकडे शिकत होती. तिचे मेसेज बघता बघता इतके सुंदर झाले की मलाच शंका आली. वॉर्डात मात्र परदेशी रुग्ण आला की ती दुसऱ्या सिस्टरला पुढं करायची. यंत्रानं तिची लाज घालवली नव्हती, झाकली होती.

म्हणून मी यंत्र बंद करायला सांगितलं का? अजिबात नाही. क्रम बदलायला सांगितला. आधी तू लिही, मोडकंतोडकं, मग यंत्राकडून करून घे, मग दोन्ही कागद शेजारी ठेव आणि मला सांग की त्यानं काय बदललं आणि का. आमच्या वर्गात यावर जी भांडणं होतात त्यातून जेवढं व्याकरण शिकलं जातं तेवढं माझ्या फळ्यावरून कधी गेलं नाही. आणि यंत्रही चुकतं, हे सापडलं की वर्गाला जो आनंद होतो! 'साहेब आले नाहीत, ते उद्या येतील' यातल्या आदरार्थी 'ते'ला यंत्र कधी कधी अनेकवचन समजतं आणि एका साहेबांचे चार साहेब होतात. मराठीचा मान इंग्रजीत कुठं जातो, यावर एके दिवशी तासभर गप्पा झाल्या, आणि गंमत म्हणजे निम्म्या इंग्रजीत झाल्या.

सुगत मित्रांचं नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. १९९९ मध्ये दिल्लीत कालकाजीला भिंतीत संगणक बसवून त्यांनी तो मुलांसाठी मोकळा सोडला. मुलं आपली आपण शिकतात, असं ते म्हणत. पण पुढं २००९ मध्ये त्यांनीच काय केलं? ब्रिटनमधले निवृत्त शिक्षक स्काइपवर आणून बसवले. 'ग्रॅनी क्लाउड' असं त्याला नाव पडलं, आज्यांचा ढग. आज्या शिकवत नव्हत्या. गोष्ट वाचायच्या, गप्पा मारायच्या, 'अरे वा' म्हणायच्या. आपल्या फलटणलाही त्यांच्या प्रयोगाचं एक केंद्र होतं. संगणकावर एवढा विश्वास असलेल्या माणसालाही शेवटी पलीकडे कुणीतरी माणूस बसवावासा वाटला. प्रयोग मुलांचा होता. मोठ्यांना आजी लागत नाही असं कुणी सांगितलं?

मोठ्यांसाठीही पलीकडे माणूस बसलेला असतो अशा जागा आहेत. अमेरिकेत मुलांकडे सहा-सहा महिने राहायला जाणारे आईवडील या सभागृहात नक्की असतील. तिथल्या सार्वजनिक वाचनालयांत 'कॉन्व्हर्सेशन सर्कल' चालतात. आठवड्यातून एकदा परदेशातून आलेली माणसं गोल बसतात, एक स्वयंसेवक असतो, इंग्रजीत गप्पा होतात. फी नसते. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो काउंटीच्या शिक्षण कार्यालयानं २००८ मध्ये 'यूएसए लर्न्स' हे प्रौढांसाठीचं मोफत संकेतस्थळ काढलं. त्यातले व्हिडिओ घर शोधणं, नोकरीला अर्ज करणं, मुलाच्या शाळेत जाणं असल्या प्रसंगांवर आहेत. जायच्या आधी इथं बसून ते बघा, आणि तिथं गेल्यावर वाचनालयाची पायरी चढा. सूनबाई ऑफिसला गेल्यावर दिवसभर मराठी मालिका लावून बसलात तर सहा महिन्यांत तुमचं मराठीसुद्धा सुधारणार नाही, मालिकांची भाषा तुम्ही जाणताच.

एक गोष्ट अजून बोलायची राहिली आहे, आणि ती सांगायला मला संकोच वाटत नाही. मी मघापासून एकांत एकांत म्हणतेय. कुणाला मिळतो तो? माझ्या वर्गातल्या बायकांची उत्तरं रात्री साडेदहानंतर येतात. तोवर फोन मुलाकडे अभ्यासाला असतो, नाहीतर नवऱ्याकडे असतो. काहींना स्वतःचा फोनच नाही. उत्तरामागं कुकरची शिट्टी ऐकू येते, सासूबाईंचा खोकला ऐकू येतो. एकीनं मला पाठवलेल्या आवाजात ती कुजबुजत होती, कारण दोन खोल्यांच्या घरात सगळे झोपले होते. कुजबुजत इंग्रजी बोलता येतं, पण जोर कुठल्या अवयवावर आहे ते कुजबुजीत कसं कळणार? पुरुषाला फोननं जो एकांत दिला तो बाईला अजून दिलेला नाही. तिला इअरफोनपेक्षा आधी एक दार हवंय, लावून घेता येईल असं.

हे दार आपल्याकडे आहे का? माझ्या मते आहे. महाराष्ट्रात २००१ च्या सुमारास एमकेसीएल या संस्थेनं एमएस-सीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम आणला, तेव्हा गावोगावची मोठी माणसं, सरकारी कारकून, गृहिणी केंद्रावर जाऊन संगणकापुढं बसली. धडे यंत्र देत होतं, पण शेजारी एक मुलगा नाहीतर मुलगी उभी असायची, अडलं की सांगायला. मोठ्या माणसांना यंत्रापुढं बसवायचं कसं, हे आपल्याला येत होतं. मग इंग्रजीसाठी ते का करू नये?

म्हणून या वाचनालयाच्या विश्वस्तांसमोर एक मागणी ठेवते. मागच्या वाचनकक्षात दुपारी दोन ते चार कुणी नसतं, मी पाहून आले आहे. आठवड्यातले दोन दिवस ती वेळ प्रौढांच्या इंग्रजीला द्या. पाच-सहा जुने टॅब्लेट लोक देणगी देतील, सगळ्यांच्या कपाटात एखादा पडून असतो. इअरफोन ज्यानं त्यानं आपला आणायचा. पहिला तास प्रत्येकानं आपापल्या कोपऱ्यात, दुसरा तास टेबल ओढून एकत्र. बायकांसाठी तो कक्ष दोन्ही दिवस राखून ठेवता आला तर उत्तम, नाहीतर निदान एक दिवस. वायफायचा पासवर्ड मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावा, विचारायला लावू नका. आणि अट एकच असावी: कुणी चुकलं तर हसायचं नाही. ती अट पाळली जातेय की नाही ते बघायला पहिले काही आठवडे मी स्वतः बसेन.

अध्यक्षांनी घड्याळाकडे बघितलेलं मला दिसलंय. प्रश्न असतील तर घेते, मराठीत विचारा.